शर्यत पहिल्याची की शेवटच्याची?

सातारा शहरातून निघून यवतेश्वराचा घाट चढणारी आणि त्याच वाटेने पुन्हा शहरात उतरणारी अर्धमॅरेथॉन २०१२ सालापासून भरत आली आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धातील एका रविवारी भल्या पहाटे हजारो स्त्रीपुरुष त्या घाटरस्त्यावर लोटतात. एकाच डोंगरावर एका वेळी धावणाऱ्यांच्या संख्येचा विक्रम म्हणून २०१५ साली या शर्यतीची नोंद गिनीजच्या बुकात झाली. हा विक्रम वेगाचा नव्हता, संख्येचा होता, हे विशेष. त्यात पहिल्या आलेल्याचा वाटा एकाचा आणि शेवटच्या आलेल्याचा वाटाही एकाचाच! तथापि अशा कोणत्याही शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्र येते, ते छातीने फीत तोडणाऱ्याचे. सर्वांत शेवटी पोचणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. तो पोचतो तेव्हा बहुधा बक्षीस समारंभ आटोपलेला असतो, पाहुणे परतलेले असतात आणि मंडपाचे दोर सोडण्यास आरंभ झालेला असतो.

रस्त्यावरील सार्वजनिक शर्यत ही नेमकी कोणाची, हा प्रश्न या दृश्यातून उभा राहतो. वरवर पाहता उत्तर सोपे आहे. शर्यत म्हटली की जिंकणारा आला, आणि जिंकणाऱ्याची ती शर्यत. परंतु या खेळाचे अर्थकारण तपासले असता चित्र अगदी उलटे दिसते. कुस्तीच्या मैदानात मल्लाला मिळणारे इनाम प्रेक्षकांच्या तिकिटांतून आणि गावच्या वर्गणीतून उभे राहते. क्रिकेटच्या खेळाडूला मिळणारे मानधन पाहणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. सारांश, बहुतेक खेळांत बघे खेळाडूंना पोसतात. रस्त्यावरच्या शर्यतीला मात्र तिकीटखिडकीच नसते. फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवणारा एक पैसाही देत नाही. पैसा येतो तो दोन वाटांनी : धावणाऱ्यांचे प्रवेशशुल्क आणि पुरस्कर्त्या कंपन्यांच्या देणग्या. कंपन्या तरी कोणासाठी देणगी देतात? दहापाच निष्णात धावपटूंसाठी नव्हे, तर अंगावर क्रमांक लावून घाम गाळणाऱ्या हजारो मध्यमवर्गीय ग्राहकांसाठी. म्हणजे पहिल्याच्या हाती पडणारा धनादेश अखेर मागून रखडत येणाऱ्यांच्या गर्दीच्या बळावर लिहिला जातो. ज्या खेळात मागचे पुढच्यांना पोसतात, असा हा कदाचित एकमेव मोठा खेळ असावा.

सर्व कुवतीच्या माणसांना या शर्यतींत मिळणारा प्रवेश आज स्वाभाविक वाटत असला, तरी तो सहजासहजी मिळालेला नाही. बोस्टनची मॅरेथॉन १८९७ सालची. परंतु स्त्रियांना तिच्यात रीतसर प्रवेश मिळण्यास १९७२ साल उजाडावे लागले. तत्पूर्वी १९६६ साली बॉबी गिब ही तरुणी आरंभरेषेजवळच्या झुडपांआड दबा धरून बसली आणि पुरुषांच्या घोळक्यात मिसळून तिने क्रमांकाविनाच ते अंतर पुरे केले. एवढे अंतर स्त्रीच्या प्रकृतीला झेपणार नाही, असे तोवर जाणती माणसेही गंभीरपणे सांगत असत. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती थेट १९८४ साली. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांदरम्यान सुमारे नव्वद किलोमीटरांची 'कॉम्रेड्स' शर्यत १९२१ सालापासून भरते. ज्या पीटरमारित्झबर्गच्या स्थानकावर १८९३ साली गांधीजींना गाडीतून उतरवण्यात आले, त्याच गावच्या या शर्यतीत काळ्या माणसांना आणि स्त्रियांना अधिकृतपणे धावू देण्यास १९७५ साल लागले. न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन १९७० साली भरली तेव्हा नावे १२७ जणांनी नोंदवली होती, शेवटपर्यंत पोचले अवघे ५५ आणि प्रवेशशुल्क होते एक डॉलर. पुढे त्या एका डॉलरच्या शर्यतीतून केवढा उद्योग उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे.

लिंगाची आणि वर्णाची दारे अशा रीतीने उघडली. पण ती उघडत असतानाच तिसरे एक दार हळूहळू लोटले जात होते. ते दार किमतीचे.

महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मुंबईची २००४ साली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांच्या ठिकाणी आणि पुढे तालुक्यांच्या गावीही अशा शर्यतींचे लोण पोचले. या शर्यतींनी दोन वर्गांना परस्परांच्या उपयोगी पाडले, हे मान्य केले पाहिजे. एक वर्ग शहरी हौशी धावपटूंचा : चाळिशी ओलांडल्यावर रक्तदाबाच्या धास्तीने धावू लागलेले डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतील अधिकारी. दुसरा वर्ग ग्रामीण भागातून बक्षिसाच्या आशेने येणाऱ्या तरुणतरुणींचा. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. दुष्काळी तालुक्यातील मुलीची पावले आणि शहरी हौशी माणसाचे शुल्क यांची अशी सांगड पडणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या दोन वर्गांच्या बाहेर उरतो तो तिसरा माणूस. तो वेगवान नाही, म्हणून बक्षीस त्याच्या आवाक्यात नाही. आणि तो सुस्थितही नाही, म्हणून शुल्क त्याला परवडत नाही. मोठ्या शहरांतील अर्धमॅरेथॉनचे शुल्क आता हजार-दोन हजारांच्या घरात आणि कोठे कोठे त्याहूनही वर गेले आहे. शर्यतीच्या दिवशी पहाटे तीन वाजता तोच रस्ता झाडणारी सफाई कामगार स्त्री, पाण्याचे खोके टेम्पोतून उतरवणारा हमाल, मंडप घालणारा मजूर हे सारे शर्यतीच्या जागी असतात. मात्र शर्यतीत नसतात. बारामतीच्या लता करे यांची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. साठी उलटल्यावर, पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून त्या नऊवारी साडीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. त्या जिंकल्या म्हणून ही हकीकत झाली. त्या हरल्या असत्या तर? आणि दारातच त्यांच्याकडे हजार रुपये मागितले गेले असते तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दैवाधीन आहे. दुसऱ्याचे मात्र नियम करणाऱ्यांच्या हाती आहे.

येथे एक मूलभूत मुद्दा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. क्लबाने आपल्या आवारात शर्यत भरवली, तर शुल्क किती असावे हा क्लबाचा प्रश्न. रस्ता हा मात्र सार्वजनिक आहे. तो सर्वांच्या करांतून बांधला गेला आहे. शर्यतीसाठी तो चार-सहा तास बंद ठेवला जातो, त्यावर पोलिसांचा बंदोबस्त लागतो, इस्पितळांत खाटा तयार ठेवाव्या लागतात, एस.टी.च्या गाड्या वळवाव्या लागतात. ही सारी गैरसोय ज्यांनी सोसायची, त्यांत शुल्क न परवडणारेही आलेच. किंबहुना रविवारीही कामावर जावे लागणाऱ्यांत त्यांचीच संख्या अधिक. शर्यतीचा खर्च ज्याच्या माथी पडतो, त्याला निदान तिच्यात उतरण्याची संधी असावी, ही मागणी दयेची नव्हे, हिशेबाची आहे.

हिशेब आणखी पुढे नेता येईल. रस्ता बंद करणे, बंदोबस्त, वेळ मोजण्याची यंत्रणा यांचा बहुतेक खर्च धावणारे पाचशे असोत की सहाशे, फारसा बदलत नाही. आणखी एका माणसाला धावू देण्याचा वाढीव खर्च म्हणजे एक कागदी क्रमांक, त्यामागची चकती आणि काही पेले पाणी. मग शुल्क एवढे का? त्याचे एक कारण असे की शुल्कात बनियन, पदक, पिशवी, न्याहारी असा सारा सरंजाम सक्तीने बांधून दिलेला असतो. धावण्यासाठी यांपैकी एकाचीही गरज नाही. पंढरीच्या वारीत भिशी भरून दिंडीत सामील होता येते. तेथे जेवणाची, मुक्कामाची सोय होते. पण भिशी न भरताही माणूस मागून चालू शकतो. त्याला रस्त्यावरून कोणी हटकत नाही आणि सर्वांत शेवटी चालणाऱ्याला कोणी हरलेलाही म्हणत नाही. शर्यतीतही अशी बिनभिशीची वाट ठेवता येईल. केवळ क्रमांक आणि पाणी, बाकी काही नाही, आणि शुल्क नाममात्र. रस्ता वापरण्याची परवानगी देताना नगरपालिकेने ठराविक जागा अशा प्रवेशासाठी राखण्याची अट घातली, तर आयोजकांवर त्याचा फार मोठा बोजा पडेल असे नाही.

यावर काही आक्षेप संभवतात आणि ते फेटाळून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की फुकटाची किंमत नसते. नावे नोंदवणारे पहाटे अंथरुणातून उठत नाहीत आणि केलेली तयारी वाया जाते. हे खरे आहे. परंतु त्यावर उपाय शुल्क हा नसून अनामत हा आहे. थोडी रक्कम आगाऊ घ्यावी आणि आरंभरेषा ओलांडणाऱ्यास ती परत द्यावी. दुसरा आक्षेप गर्दीचा. घाटरस्त्याची रुंदी काही केल्या वाढत नाही. कोठेतरी मर्यादा घालावीच लागते. तेही खरे. पण मर्यादित वस्तूची वाटणी करण्याचे किंमत, रांग आणि चिठ्ठी असे तीन मार्ग अर्थशास्त्राला ठाऊक आहेत. किंमत धनवानाला अनुकूल असते. रांग आता संगणकापुढे लागते, तेव्हा ती घरी संगणक असलेल्याला अनुकूल. चिठ्ठी तेवढी कोणाचे तोंड पाहत नाही. लंडन आणि न्यूयॉर्क येथील मॅरेथॉनमध्ये बऱ्याच जागा सोडत काढून दिल्या जातात. जे तेथे शक्य आहे, ते आपल्या जिल्ह्याच्या गावी अशक्य का असावे?

राहिला प्रश्न वेळमर्यादेचा. रस्ता दिवसभर अडवून धरता येत नाही. तेव्हा मर्यादा हवीच. शर्यत म्हणजे सहल नव्हे, आणि घड्याळ काढून घेतले तर शर्यतीची गंमतही जाईल. 'कॉम्रेड्स' शर्यतीत बारा तास पुरे होताच बंदुकीचा बार होतो आणि रेषेपासून एका पावलावर असलेल्यालाही आत घेतले जात नाही. बार काढणारा अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा असतो, जेणेकरून कोणाचा चेहरा पाहून त्याचा हात अडखळू नये. नियम कठोर खरा, पण त्याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. त्या अखेरच्या मिनिटांना मैदान भरलेले असते. शेवटचे धावपटू आत येतात तेव्हा लोक उभे राहून त्यांना हाका घालतात. तेथे मर्यादा आहे, पण तिच्या आत असलेल्याला कोणी उपरा मानत नाही. आपल्याकडे नेमके उलटे घडताना दिसते. मर्यादा संपण्यापूर्वीच पाण्याची मेजे उचलली जातात. वस्तुतः सर्वांत संथ धावणारा सर्वांत अधिक काळ उन्हात असतो. पाण्याची आणि डॉक्टरांची गरज त्यालाच सर्वाधिक. पहिल्याला सव्वा तासात जे पुरते, ते साडेतीन तास रस्त्यावर असणाऱ्याला कसे पुरावे? तेव्हा मर्यादा काहीही असो, तिच्या अखेरच्या क्षणापर्यंत पाणी आणि रुग्णवाहिका जागच्या जागी असलीच पाहिजे. परवानगीपत्रातील पहिली अट खरे तर हीच असावी.

या सूचनांना मोठा निधी लागत नाही. लागते ती दृष्टी बदलण्याची तयारी. पहिल्याचा सत्कार जरूर व्हावा आणि त्याचे बक्षीसही कमी होऊ नये. माणदेशातून आलेल्या मुलीला त्याची नितांत गरज आहे. परंतु गावाने आपला रस्ता एका सकाळपुरता दिला, तो कोणी किती मिनिटांत अंतर कापले हे पाहण्यापुरताच नव्हे. एरवी ज्या रस्त्यावर माणसे मोटारीत, दुचाकीवर आणि पायी अशी प्रतिष्ठेप्रमाणे विभागलेली असतात, त्या रस्त्यावर त्या सकाळी सारी पायी असतात. ही समता चार तासांचीच असते. ती तेवढ्यापुरती तरी खरी असावी, यासाठी दार उघडे ठेवले पाहिजे आणि शेवटचा माणूस पोचेपर्यंत मंडपाचे दोर बांधलेलेच राहिले पाहिजेत.