हा उतार आज कोणी तपासला?

थंडी सुरू झाली की बेंगळुरूतल्या शिवाजीनगरच्या कमर्शियल स्ट्रीटवर गुलमर्गसाठी जाकिटे-हातमोजे घेणारी तरुण मंडळी दिसू लागतात. इथल्या मराठी घरांतही स्कीइंग पोचले आहे. कोणी नोकरीच्या निमित्ताने कोलोराडोत शिकून येतो, कोणी आल्प्समध्ये. पण एका खंडात लागलेली सवय दुसऱ्या खंडात जिवावर बेतू शकते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

अमेरिका-कॅनडात स्की रिसॉर्टची हद्द आखलेली असते. हद्दीतला उतार झाडीतला असो की भुसभुशीत बर्फाचा, हिमलोटाचा धोका कमी करणे हे तिथल्या स्की-पेट्रोलचे, म्हणजे उतारावरच्या सुरक्षा पथकाचे काम. गरज पडली की ते स्फोटके लावून धोकादायक बर्फ आधीच पाडतात आणि मग उतार खुला करतात. ही व्यवस्थाही अभेद्य नाही; 10 जानेवारी 2024 रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅलिसेड्स टाहोत हद्दीच्या आतच हिमलोट येऊन एक जण दगावला. युरोपात मात्र रिसॉर्टची जबाबदारी मुख्यतः खुणा लावलेल्या वाटांपुरती. दोन वाटांमधला चिंचोळा पट्टासुद्धा ऑफ-पिस्ट, म्हणजे वाटेबाहेरचा धरला जातो. शिवाय आल्प्समधल्या कित्येक लिफ्ट झाडांची रेषा ओलांडून पार हिमनदीपर्यंत नेतात. शामोनीच्या व्हाले ब्लांशमध्ये बर्फाखाली झाकलेल्या भेगाही माणूस गिळतात. तिथे जायला कोणी अडवत नाही, आणि कोलोराडोत शिकलेला माणूस नेमका इथेच फसतो.

आपले गुलमर्ग या दोन्हींच्या मधले. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवाटवर जवळपास 4,000 मीटरपर्यंत नेतो. तिथला काही भाग पेट्रोलच्या देखरेखीत, त्यापलीकडे अफाट मोकळे उतार. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे दोन पोलिश स्कीपटू हिमलोटात गेले. पुढच्याच फेब्रुवारीत एक रशियन. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. एवढ्या वेळात खालून मदत क्वचितच पोचते. सोबत्यांकडे ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

जून 2024 मध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर हिमवादळात कर्नाटकातले 9 पदभ्रमक गेले. ती दुर्घटना स्कीइंगची नव्हती, पण आज वर जायचे की नाही हे कोण ठरवणार, हा प्रश्न तिथेही होताच. सहली नेणाऱ्यांनी त्याचे उत्तर अर्जावरच छापावे: देखरेखीची हद्द कुठे संपते, त्या दिवसाचा हिमलोटाचा अंदाज कोण पाहणार, परत फिरण्याचा निर्णय कोणाचा. पालकांनो, पोरांनो, पैसे भरण्याआधी हे विचारा. नीट उत्तर मिळाले नाही, तर त्या सहलीला जाऊ नका.