ब्रश तोंडात घालू नका

मे महिन्याच्या सुट्टीत गावोगावी चित्रकलेचे वर्ग भरतात. अशाच एका वर्गाहून परतलेल्या आठ वर्षांच्या नातवाला घेऊन एक आजी घाईघाईने दवाखान्यात आल्या. "डॉक्टर, पोराची जीभ बघा की, निळी पडलीया!" जीभ निळी म्हटले की आम्हा डॉक्टरांच्या मनात आधी हृदय आणि फुप्फुसे येतात. पण पोराचे ओठ गुलाबी, नखे गुलाबी, नाडी उत्तम. पिशवी उघडायला लावली. आत चोवीस रंगांची डबी आणि केस पिंजारलेला ब्रश. "टोक येत नाय, मग चाटून काढतो," पोरगा म्हणाला.

चूळ भरल्यावर जीभ साफ झाली. पण ही सवय किरकोळ समजू नये. 1917 सालापासून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावण्याचे काम तरुण मुली करीत. ब्रशाला टोक यावे म्हणून तो ओठांत धरावा, असेच त्यांना शिकवले होते. पुढे जबड्याची हाडे कुजली, रक्त कमी झाले, कित्येकजणी दगावल्या. त्यांचा गाजलेला खटला 1928 साली तडजोडीने मिटला.

आपल्या मुलांच्या डबीत रेडियम नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु रंगांत विषारी द्रव्ये पूर्वापार आहेत. हिंगूळ पाऱ्याचा, हरताळ सोमलाचा, शेंदूर शिशाचा. आजही मोठ्या चित्रकारांच्या काही पिवळ्या व लाल रंगांत कॅडमियम असते. शिसे तर मुलांच्या मेंदूवर घाला घालते. त्याचे सुरक्षित असे प्रमाणच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

माझ्या मते यात दोष मुलाचा नाही, आपल्या खरेदीचा आहे. आपण चोवीस-छत्तीस रंगांच्या डबीला भुलतो आणि ब्रश व कागदात काटकसर करतो. वाईट ब्रशाला टोक येत नाही, म्हणून मूल तो चाटते. पातळ कागद पाण्याने चुरगळतो, म्हणून मूल कंटाळते. तेव्हा खरेदीचा क्रम उलटा करावा.

पहिला खर्च ब्रशाचा. कृत्रिम केसांचे दोन गोल ब्रश, एक सहा नंबरचा व एक दहा नंबरचा, पुरेसे आहेत. दुकानदाराकडे पाणी मागून ब्रश भिजवून पाहावा. झटकल्यावर आपोआप टोक आले तरच घ्यावा. दुसरा खर्च कागदाचा. खास जलरंगाचा 300 जीएसएमचा कागद मागावा. महाग वाटला तर एका कागदाचे चार तुकडे करावेत, मागची बाजूही वापरावी. रंग मात्र सहाच पुरेत. लाल, पिवळा आणि निळा यांच्या मिश्रणातून बाकीचे बहुतेक रंग मुलाने स्वतः करावेत. शिकणे त्यातच आहे.

रंग विद्यार्थ्यांसाठीचे, उत्पादकाचे नाव व 'नॉन-टॉक्सिक' असा शिक्का असलेले घ्यावेत. मात्र त्याचा अर्थ 'खाण्याजोगे' असा नव्हे. सुट्टी रंगपूड किंवा घर रंगवून उरलेला रंग मुलांना देऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कायद्याने कडक मर्यादा आली ती 2017 साली. माळ्यावरचे डबे त्याआधीचे असू शकतात. पाण्यासाठी घरातला पेला नको, दोन जुन्या बरण्या घ्याव्यात. एकीत ब्रश धुवावा, दुसरीतले स्वच्छ पाणी रंगासाठी ठेवावे. सोबत सुती फडके असावे. टोक फडक्यावर काढायचे, जिभेवर नाही. रंगवताना खाणे नको, नंतर साबणाने हात धुवावेत.

वर्ग चालवणाऱ्यांनाही विनंती आहे. सामानाची लांबलचक यादी देण्याऐवजी पहिल्या दिवशी ब्रश कसा धरावा आणि कसा पुसावा, हे शिकवा.

जाता जाता एक सुचवतो. सुट्टीत एक दिवस मुलांना औंधला न्यावे. 1938 साली तिथे संग्रहालय उभारणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे प्रसारक होते आणि स्वतः चित्रेही काढीत. शरीर आणि कला दोन्ही सांभाळता येतात, हे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण आहे. फक्त ब्रश तोंडापासून दूर ठेवावा.