रोपें जूनमध्यें मोजावीं

प्रतिवर्षीं जुलै महिना आला म्हणजे शाळाशाळांच्या आवारांतून एक मोठा सुंदर देखावा दृष्टीस पडतो. मुलें स्वच्छ गणवेष घालून रांगेनें उभीं असतात, पाहुणे येतात, आधींच खणून ठेवलेल्या खड्ड्यांत एकेक रोप उतरतें, छायाचित्र निघतें, टाळ्या वाजतात, आणि वरून पाऊस तर आपलें काम करीतच असतो. वनमहोत्सवाची ही प्रथा कन्हैयालाल मुनशी हे केंद्र सरकारांत अन्न व शेती खात्याचे मंत्री असतां १९५० सालीं सुरू झाली. प्रथा उत्तमच आहे. तिच्याविरुद्ध आम्हांस एक अक्षरहि बोलावयाचें नाहीं. परंतु जुलैंत टाळ्या घेतलेल्या त्या रोपांपैकीं पुढच्या जूनमध्यें किती जिवंत असतात, हा प्रश्न विचारावयास मात्र कोणी पुढें येत नाहीं. तो आज आम्ही विचारणार आहों. आणि तोहि विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या मातापित्यांस, कारण त्याचें उत्तर शाळेच्या दिवसांत नसून सुटीच्या दिवसांत आहे.

ज्या दिवशीं रोप लावलें जातें त्या दिवशीं त्यास आमच्या हातच्या पाण्याची गरज सर्वांत कमी असते. सप्टेंबर अखेरपर्यंत तें मेघांच्या कृपेनें तग धरतें, चारसहा नवीं पानेंहि फोडतें. पुढें आठ महिने कोरडे. त्यांपैकीं हिवाळ्याचे दिवस थंडीमुळें, आणि मुलांच्या बाटल्यांतील उरल्यासुरल्या पाण्यावर, कसेबसे निभतात. मार्चमध्यें परीक्षांची धांदल उडते. मेच्या आरंभीं फाटकास कुलूप लागतें, आणि नेमकें त्याच वेळीं वैशाखाचें ऊन ऐन भरांत येतें. म्हणजे ज्या महिन्यांत झाडास माणसाची खरी गरज, तोच महिना माणसांच्या सुटीसाठीं ठरलेला आहे. सुटीविषयीं आमची तक्रार नाहीं. तापलेल्या पत्र्याखालीं मुलें कोंडणें हा कांहीं विद्येचा मार्ग नव्हे. तेव्हां बालमित्रांनीं घाबरून जाऊं नये. आम्ही त्यांची सुटी मागत नाहीं, तींतील आठवड्याच्या दोन सकाळी मागतों.

हें मागणें फार नाहीं, हें साध्या गणितानें दाखवितां येईल. ज्या शाळेंत पांचशें विद्यार्थी आणि साठ रोपें आहेत तेथें एका रोपामागें आठ मुलें येतात. सहा आठवड्यांच्या सुटींत आठवड्यांतून दोनदां पाणी म्हणजे बारा खेपा. आठ जणांत त्या वांटल्या तर प्रत्येकाच्या वांट्यास दोनहि येत नाहींत. निम्मीं मुलें आजोळीं गेलीं असें धरलें तरी राहिलेल्यांस तीन खेपांहून अधिक कष्ट पडत नाहींत. आणि हीच साठ रोपें एकट्या शिपायाच्या गळ्यांत टाकलीं तर त्यास सातशें वीस बादल्या वाहाव्या लागतात! सुटीनंतर 'शिपायानें पाणी घातलें नाहीं' असें म्हणणाऱ्यांनीं हा हिशेब एकदां मांडून पाहावा.

आतां पाणी घालणें म्हणजे काय, हेंहि शिकावें लागतें. घाटाच्या पूर्वेकडील पठारावर मे महिन्यांत उघड्या पात्रांतील पाणी दिवसास सुमारें १० मिलिमीटर आटतें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. तेव्हां तेवढ्या तोंडाच्या पात्रांतून रोज १० लिटर पाणी हवेंत उडून जातें. ह्या हवेंत जो विद्यार्थी रोज तांब्याभर पाणी बुंध्याशीं ओततो, तो झाडास पाजीत नसून उन्हास पाजीत असतो. वरची दोन बोटें माती भिजते आणि दुपारपर्यंत पुन्हां कोरडी ठणठणीत होते. मुळेंहि त्या ओलाव्याच्या लोभानें वरच्यावर पसरतात व अधिकच होरपळतात. त्यापेक्षां बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल आळें करावें, आणि आठवड्यांतून दोन वेळां, सूर्य वर येण्यापूर्वीं किंवा मावळल्यावर, त्यांत सावकाश बादलीभर पाणी सोडावें. तें खोल जातें आणि मुळें त्याच्या मागोमाग खालीं जातात.

ह्याहूनहि सोपा उपाय आमच्या प्रत्येक शाळेच्या आवारांत फुकट पडलेला असतो, व आम्ही तो जाळून टाकतों. तो म्हणजे पालापाचोळा. फाल्गुनांत कडुनिंब पानें टाकतो, इतर झाडेंहि टाकतात. तीं झाडून ढीग करावे आणि काडी लावावी, ह्यालाच बहुतेक ठिकाणीं स्वच्छता म्हणतात. तपासणीस येणारे अधिकारीहि उघडी, करकरीत झाडलेली जमीन पाहून संतुष्ट होतात. झाडाच्या दृष्टीनें मात्र ती जमीन अंगावरचें पांघरूण ओढून नेल्यासारखी असते. तींच पानें आळ्यांत वीतभर जाडीनें पसरलीं तर माती तापत नाहीं, घातलेलें पाणी टिकतें, आणि पावसाळ्यांत पानें कुजून खत होतें. धूर वाचतो तो निराळाच. दम्याच्या मुलांनीं त्याबद्दल दुवा द्यावा. वाळवी लागेल अशी भीति कोणास वाटल्यास पानें बुंध्यास चिकटूं न देतां चार बोटें दूर ठेवावीं, म्हणजे झालें.

जेथें आठवड्यांतून दोनदां जाणेंहि शक्य नाहीं तेथें मडक्याची युक्ति करावी. रोपाच्या शेजारीं झिलई नसलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें, आणि डास होऊं नयेत म्हणून तोंड झांकावें. माती जसजशी कोरडी होते तसतसें पाणी मडक्याच्या अंगांतून झिरपतें. माती ओली असेल तर झिरपणें आपोआप मंदावतें. गेल्या वर्षाचा जुना माठ मात्र तसाच वापरूं नये. पाण्यांतील क्षार बसून त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात (म्हणूनच तर त्यांत पाणी गार होत नाहीं आणि आई नवा माठ आणते). त्यास तळाशीं बारीक भोंक पाडून चिंधीची वात घालावी.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका समजत नाहीं. माणसांस प्यावयास पाणी नसतां झाडांस कोठून घालावें? २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातूरला आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीनें सुमारें पांच लक्ष लिटर पाणी पोहोंचविलें. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं ह्याच महाराष्ट्रानें एका दिवसांत २ कोटि रोपें लावण्याचा संकल्प सोडला, व तीन वर्षांनीं, २०१९ च्या पावसाळ्यासाठीं, तो आंकडा ३३ कोटींवर नेला. ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे आमचें म्हणणें ध्यानांत येईल. रोपांची उणीव आम्हांस कधींच नव्हती. उणीव आहे ती वैशाखांतल्या बादलीची. जेथें बादली नाहीं तेथें शंभर रोपें लावूं नयेत, दहा लावावीं. आणि ज्या गावांत टँकर येतो तेथेंहि तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें, हात धुतलेलें पाणी प्रत्येक घरीं निघतेंच. तें मोरींतून रस्त्यावर जातें आणि तेथें डासांचें पोषण होतें. तेवढ्यावर दोन रोपें सहज जगतात.

आमच्या आज्या हें शास्त्र पुस्तकावांचून जाणत होत्या. मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळूं, न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, आणि तुळस व मोगरा ह्यांस मात्र निराळें स्वच्छ पाणी, अशी परसांत वांटणीच ठरलेली असे. केळ व अळूं थोडें साबणाचें पाणी सोसतात. कोवळें रोप सोसत नाहीं, आणि हल्लींच्या धुण्याच्या पुडींचें पाणी तर त्यास देऊंच नये. परसें गेलीं आणि सज्जे आले, तरी विद्या तीच राहते. सज्ज्यांतील कुंडी जमिनींतल्या झाडापेक्षां लवकर तापते, म्हणून मेमध्यें ती भिंतीच्या सावलीस ओढावी एवढेंच काय तें अधिक.

उन्हाळ्याचा शेवट हा केवळ झाडें वांचविण्याचाच काळ आहे असेंहि नाहीं. रोहिणी निघाल्या म्हणजे, अर्थात् २५ मेच्या सुमारास, घरोघर कामास हात लागला पाहिजे. पावसाळ्यांत लावावयाच्या झाडांचे खड्डे आतांच खणून उन्हांत तापूं द्यावे. हळद, आलें ह्यांचे गड्डे लावावे. मांडवाच्या काठ्या उभ्या कराव्या, म्हणजे मृगाचा पाऊस पडतांच दुधी, दोडका, पडवळ, कारलें ह्यांच्या बिया टोंचतां येतील. पुण्यामुंबईकडे पाऊस साधारणपणें १० जूनच्या आसपास येतो. त्या दिवशीं काठ्या शोधणारा मनुष्य आषाढांत विकतचें पडवळ खातो.

आजोळीं गेलेल्या मुलांसहि एक काम सांगावयाचें आहे. आंबा खाल्ल्यावर कोय फेंकूं नये, आणि 'पुढें लावूं' म्हणून वाळवूनहि ठेवूं नये. आंबा, फणस, जांभूळ ह्यांचें बीं वाळलें कीं मरतें. त्याची रुजण्याची शक्ति थोड्या आठवड्यांत जाते. कोय ताजी असतांच दुधाच्या रिकाम्या पिशवींत माती व शेणखत घालून लावावी, पिशवीस खालीं दोन भोंकें पाडावीं. शाळा उघडेल तेव्हां ती रुजण्याच्या बेतांत किंवा रुजलेली असेल. तिला मूळ आंब्याचाच गुण येईल अशी खात्री नाहीं, पण सावली येईल ह्यांत शंका नाहीं. विकत आणलेल्या रोपापेक्षां स्वतः रुजविलेल्या रोपास पाणी घालण्याची आठवण मुलांस अधिक राहते, असा आमचा अनुभव आहे.

ह्या सर्वांत आम्हांस अडचण वाटते ती उन्हाची किंवा पाण्याची नाहीं; ती वृत्तीची आहे. अद्यापि पुष्कळ शाळांत उशिरां येणाऱ्या किंवा गडबड करणाऱ्या मुलास 'जा, बागेंत गवत काढ' अशी शिक्षा देण्यांत येते. हा प्रकार तत्काळ बंद झाला पाहिजे. जें काम शिक्षा म्हणून दिलें जातें तें काम हलकें, आणि तें रोज करणारा माळी शिक्षा भोगणारा, हा धडा मुलगा त्या दिवशीं शिकतो. आणि मग पर्यावरणावरील दहा गुणांचा निबंध त्यास तो विसरावयास लावूं शकत नाहीं. इकडे कांहीं पालकहि म्हणतात, 'आम्ही फी भरतों ती मुलानें बादल्या वाहाव्या म्हणून नव्हे.' त्यांस आम्ही आदरपूर्वक कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांचें स्मरण देतों. १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या ह्या पुरुषानें १९२४ मध्यें साताऱ्यास जें छत्रपति शाहू बोर्डिंग चालविलें, तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वतः राबून शिकत. 'कमवा व शिका' हे शब्द तेथूनच घरोघर गेले. संस्थेचें बोधचिन्ह वटवृक्ष आहे. आणि वटवृक्षास सावली धरावयास किती उन्हाळे लागतात हें तो लावणाऱ्यासच ठाऊक.

मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या मुलांस आणखी एक नांव ठाऊक असावें. १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण छापणारे विल्यम केरी श्रीरामपूरच्या आपल्या बागेंत स्वतः काम करीत. १८२० मध्यें त्यांच्याच पुढाकारानें कलकत्त्यास कृषि व उद्यान संस्था निघाली. १८२३ च्या महापुरांत त्यांची बहुतेक बाग वाहून गेली, तेव्हां साठी ओलांडलेल्या केरींनीं ती पुन्हां लावावयास घेतली. भाषा आणि बाग ह्या दोन्ही गोष्टी एकाच मनुष्याच्या हातून होऊं शकतात, एवढ्यासाठींच हें सांगितलें.

तेव्हां आमची सूचना अशी. सुटी लागण्यापूर्वींच प्रत्येक रोपास शाळेच्या जवळ राहणाऱ्या मुलांची एक तुकडी नेमून द्यावी. फाटकाची किल्ली आणि नळाची वेळ ह्यांचा बंदोबस्त मुख्याध्यापकांनीं करावा, पाणी नसेल तर मुलांनीं घरचें वापरलेलें पाणी आणावें, आणि लहानग्यांबरोबर आईवडिलांपैकीं कोणी तरी फिरावयास म्हणून यावें. त्याबद्दल गुण, बिल्ले, प्रशस्तिपत्रें कांहीं देऊं नये. फार तर गुलमोहराखालीं बसून सर्वांनीं मिळून एक कलिंगड फोडावें. हा गुलमोहर दरवर्षीं मेमध्येंच फुलतो, आणि शाळेच्या बहुतेक मुलांनीं त्याच्या शेंगांच्या तलवारी केलेल्या असल्या तरी त्याचा पूर्ण बहर कधीं पाहिलेला नसतो.

मग जूनमध्यें शाळा उघडेल त्या दिवशीं, पहिला तास भरण्यापूर्वीं, मोजणी व्हावी. गेल्या जुलैंत लावलेलीं रोपें किती आणि आज जिवंत किती, हे दोन आंकडे दर्शनी फळ्यावर लिहावे. नवीं रोपें किती आणावीं हें ह्या दुसऱ्या आंकड्यावरून ठरवावें. साठांतलीं वीसच जगलीं असतील तर यंदा वीसच लावावीं, पाहुणे कितीहि मोठे येवोत. आणि आमच्या ह्या वार्षिकाच्या पुढील अंकांत शालान्त परीक्षेच्या निकालाचें कोष्टक जेथें छापलें जाईल, त्याच पानावर, त्याच टाइपांत, हेहि दोन आंकडे छापावे, अशी संपादक मंडळास आमची विनंति आहे.