दिवस मिळाला, खोली नाही

बडोदे स्टेशनातून सयाजीगंजच्या बाजूने बाहेर पडलं की कमाटीबाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कागदोपत्री नाव सयाजीबाग. तिसऱ्या सयाजीरावांनी १८७९ साली ती उभारली. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो काही तीर्थयात्रेला म्हणून नव्हे. आदल्या तासाभरात एक गोष्ट केली होती आणि तिची लाज वाटत होती, म्हणून कुठेतरी जाऊन बसायचं होतं.

गोष्ट साधीच. काही वर्षांपूर्वी भाच्याला बडोद्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. त्याची सोय लावायला मी गोव्याहून गेलो. प्रवेशाच्या रांगेत त्याला विदर्भातला एक मुलगा भेटला, दोघांची गट्टी जमली, आणि आम्ही तिघे सयाजीगंजच्या गल्ल्यांतून खोली शोधू लागलो. एका घरमालकाने आधी विचारलं, "नॉनव्हेज?" आता आम्ही गोंयकार! नुस्तं नाही तर जेवण नाही अशी आमची जात. तरी मी बेधडक सांगितलं, "छे, अजिबात नाही." मग त्याने आडनाव विचारलं. आमचं ऐकून त्याचा चेहरा सैलावला. मग दुसऱ्या मुलाचं विचारलं. मग गाव, मग वडिलांचं पूर्ण नाव, वडील काय करतात. आणि मग अगदी गोड आवाजात, "खाट एकच आहे हो."

खाटा दोन होत्या. मला दिसत होत्या. त्या मुलालाही दिसत होत्या. तो म्हणाला, "काका, तुम्ही घेऊन टाका. मी बघतो दुसरीकडे." आणि मी डिपॉझिट मोजलं.

कमाटीबागेत वडाखाली संकल्पभूमी आहे. २३ सप्टेंबर १९१७ या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे बसले आणि अस्पृश्यता नष्ट करण्याचा त्यांनी संकल्प केला, असं सांगितलं जातं. दरवर्षी त्या दिवशी इथे लोक जमतात, संकल्प दिन पाळतात. २०२२ साली राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाने ही जागा राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर करावी अशी शिफारस केली. उद्या एखादी विधानसभा या दिवसाचा ठरावही करील. बाकं वाजतील, एकमताने मंजूर होईल. मला विचाराल तर मला त्या एकमताचीच भीती वाटते.

का, ते सांगतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बडोद्याची हकिकत स्वतः लिहिली आहे. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले होते. परतल्यावर करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत रोजचे दीड रुपया देऊन, अदलजी सोराबजी या नावाने राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगून गेले. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, त्याचं अखेरचं उत्तर तोवर आलं नव्हतं. एका हिंदू मित्राकडे गेले, तो म्हणाला की नोकर सोडून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायको परगावी असल्याचं कारण पुढे केलं. हे दोघे नवराबायको मूळचे ब्राह्मण. (धर्म बदलला तरी जात मागून येते हे आम्हा गोवेकरांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे ख्रिस्ती लग्नांतही बामण आणि चार्दो अजून मोजले जातात.) रात्री नऊची मुंबईची गाडी. तोवरचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले. सुन्न मनाने, आईवडिलांची आठवण काढत.

त्या प्रकरणात संकल्प हा शब्द नाही. म्हणून संकल्प झालाच नाही असं मी म्हणत नाही. पुढची चाळीस वर्षं हाच त्याचा पुरावा आहे. पण आपण काय केलं ते बघा. "बडोद्याने आंबेडकरांना हाकलून दिलं" हे एक वाक्य होतं. त्यात हाकलणारा कोणीतरी होता. "आंबेडकरांनी बडोद्यात संकल्प केला" हे दुसरं वाक्य. त्यात हाकलणारा गायब! लाठ्या गायब, दीड रुपया गायब, नोकरांचं निमित्त सांगणारा मित्र गायब. उरला एक महापुरुष आणि एक झाड. अशा वाक्याला कुणीही एकमताने मत देईल. दोन खाटांची एक करणारा माझा तो घरमालकसुद्धा देईल. अपमानाचा दिवस प्रेरणेचा दिवस झाला की अपमान करणाऱ्यांची आपोआप सुटका होते.

हे आपल्याच देशात होतं असं नाही. ग्रीसच्या संसदेने १९९४ साली १९ मे हा दिवस पोंटसच्या, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या, ग्रीकांच्या संहाराचा स्मृतिदिन ठरवला. योग्यच केलं. ती माणसं मारली गेली होती. पण त्यातून वाचून, १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या सुमाराला जे लाखो निर्वासित ग्रीसमध्ये पोचले, त्यांना तिथल्या ग्रीकांनी काय म्हटलं? तुर्कांचं बी! दह्यात बाप्तिस्मा झालेले! त्या शिवीगाळीचा स्मृतिदिन कुठल्या संसदेने ठरवलेला माझ्या ऐकिवात नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याचा दिवस पाळणं सोपं असतं, आपल्या वागण्याचा पाळणं महाग पडतं.

कुणी म्हणेल, ठरावांनी काहीच होत नाही का? होतं. पण कसं होतं ते महाडला विचारा. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि मग? तीन वर्षं कुणी त्या तळ्यावर पाणी प्यायला जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. लगेच मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, दिवाणी दावा गुदरला गेला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे ज्या ठरावात पाणी, तळं, घाट अशा हाताला लागणाऱ्या गोष्टी होत्या, त्यालाही खरं व्हायला चौदा वर्षं लागली. ज्या ठरावात नुसतीच तारीख असेल त्याचं काय होणार?

तारखा तर भरपूर झाल्या आहेत. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो ७ नोव्हेंबर महाराष्ट्र सरकारने २०१७ पासून विद्यार्थी दिन केला. २६ नोव्हेंबर २०१५ पासून देशभर संविधान दिन आहे. शाळांत उद्देशिका वाचली जाते, फोटो काढले जातात. मी याची टिंगल करत नाही. कॅलेंडरवर आपल्या माणसाचं नाव बघून एखाद्या पोरीची मान ताठ होत असेल तर तेवढ्यासाठीही दिवस हवा. आणि संकल्प दिन तर सरकारने दिलेला नाहीच. लांबून, स्वतःच्या खर्चाने येणाऱ्या लोकांनी तो उभा केला आहे. त्यांच्या हातात तो दिवस सवाल असतो. सरकारच्या हातात गेला की त्याचा सत्कारसमारंभ होतो.

याउलट एक कायदा बघा. १९५५ सालचा, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट आहे की अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून किंवा त्यात राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. हाच तो बडोद्याचा जाब, कायद्याच्या भाषेत. त्याला हार घालायला कुणी जात नाही. आणि माझा तो घरमालक जातीचं नावसुद्धा तोंडातून काढत नाही, खाट एकच आहे म्हणतो. शिवाय २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्याच एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगून टाकलं की सहकारी संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. लाठी गेली, उपविधी आला. पारशांवर बोट ठेवून मोकळं होण्यात अर्थ नाही. धर्मशाळा त्यांची होती, पण दारं तर सगळ्यांनीच लावली होती.

म्हणून, गुजरातच्या किंवा महाराष्ट्राच्या विधानसभेला या दिवसासाठी काही करायचंच असेल तर ठराव नको. २३ सप्टेंबरच्या आगेमागे सभागृहात एक कागद ठेवा. जातीमुळे घर नाकारल्याच्या वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती नोंदवल्या, किती जणांना शिक्षा झाली. आकडा शून्य असेल तर शून्य वाचा, मोठ्याने. आणि बडोद्याच्या शाळांतून, गुजरातीत आणि मराठीत, त्या आठवणींतलं बडोद्याचं प्रकरण वाचून दाखवा. फक्त झाड नको, लाठ्याही येऊ देत. मग बघू एकमत होतं का.

आणि माझं? मीही एक खोटं बोलून जागा मिळवली, तेही एक खोटं नाव सांगून राहिले. माझ्या खोट्यावर विश्वास बसला, कारण आडनाव बरोबर होतं. मासे खाणं लपवलं तर फार तर डिपॉझिट बुडालं असतं. त्या वडाखाली बसून मी काही संकल्पबिंकल्प केला नाही. परत जाऊन डिपॉझिट मागायला हवं होतं, तेही केलं नाही. भाचा तीन वर्षं त्या खोलीत राहिला. दुसरी खाट पहिल्या आठवड्यातच भरली, असं तो नंतर एकदा फोनवर म्हणाला.