बाऊंड्री कोणी आखायची?

गल्ली क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला एक नियम पाठ असतो: ज्याची बॅट, त्याचे नियम. तो पहिल्या बॉलवर आऊट झाला की 'ट्राय बॉल' होता. त्याचा शॉट समोरच्या काकूंच्या गॅलरीत गेला की सिक्स, आपला गेला की आऊट. तेव्हा आपण चिडायचो आणि खेळायचो, कारण बॅट त्याची होती. पण शहराच्या निवडणुकीतही बॅटवालाच बाऊंड्री आखत असेल तर?

आधी थोडं गणित, अगदी सोपं. समजा, ट्रिपसाठी १५ जण आहेत. ९ जणांना गोव्याला जायचंय, ६ जणांना महाबळेश्वरला. सरळ मतदान घेतलं तर गोवा जिंकतो. आता कोणीतरी म्हणतं, पाच-पाच जणांचे तीन ग्रुप करू, दोन ग्रुप म्हणतील तिकडे जाऊ. ग्रुप पाडणारा महाबळेश्वरवाला आहे. तो पहिल्या ग्रुपमध्ये पाचही गोवेवाले टाकतो. उरलेले चार गोवेवाले दोन-दोन असे वाटतो, प्रत्येकी तीन महाबळेश्वरवाल्यांसोबत. झालं! तीनपैकी दोन ग्रुप महाबळेश्वरचे. मत एकाचंही बदललं नाही, मतमोजणीत घोळ नाही, तरी नऊ जण हरले आणि सहा जिंकले.

या खेळाला नाव मिळालं १८१२ मध्ये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलॅमँडरसारखा, म्हणजे पालीसारख्या एका प्राण्यासारखा वाकडातिकडा दिसत होता. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून शब्द झाला 'गेरीमँडर'.

आपल्याकडे लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत हा धोका आधीच ओळखला गेला. त्यासाठी १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ असे चार वेळा परिसीमन आयोग नेमले गेले. २००२ च्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. कराड, पंढरपूर, इचलकरंजी हे लोकसभेचे मतदारसंघ नकाशावरून गेले आणि मावळ, शिरूर, माढा आले, ते याच आयोगाच्या कामामुळे. आयोगाचा अंतिम आदेश निघाला की संसदेला किंवा विधानसभेला त्यात बदल करता येत नाही. बॅट कोणाचीही असो, बाऊंड्री तिसरा माणूस आखतो.

आता खाली या, आपल्या प्रभागात. आपल्या नळाचं पाणी, कचऱ्याची गाडी, बसस्टॉपसमोरचा खड्डा ठरतो तिथे. आणि तिथे मात्र चित्र वेगळं. मुंबई सोडून बाकी महापालिकांत एका प्रभागात नगरसेवक किती, हे बघा: २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. २०२१ मध्ये तीन ठरले, सरकार बदललं आणि पुन्हा चार. मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ झाल्या, २०२२ मध्ये परत २२७. मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचे अधिकार राज्य सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळात एकमताने मंजूर झाला. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत वेळ हवा, हे त्यामागचं कारण खरंही होतं. पण एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे इथे एका सुरात बोलले, हे लक्षात ठेवा. बॅट आज ना उद्या आपल्या हातात येईल, असं प्रत्येकाला वाटतं.

याची किंमत आपण मोजली. ओबीसी आरक्षणाबरोबरच प्रभागांच्या रचनेचे वादही कोर्टात गेले. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. माझ्यासारख्या अनेकांचं महापालिकेतलं पहिलं मत त्यामुळे तेविशी-चोविशीत पडलं.

२०२५ मध्ये आमच्या शहराची प्रारूप रचना आली, तेव्हा मी आणि माझा मित्र नकाशा झूम करून बघत बसलो. नियम सांगतो की नदी, नाले, रेल्वे, मोठे रस्ते यांच्या हद्दी पाळा, वस्त्या फोडू नका आणि लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त इतपतच ठेवा. तरी आमची गल्ली नाल्यापलीकडच्या प्रभागात गेली होती. आम्ही हरकत नोंदवली. सुनावणी दोन मिनिटांत आटोपली. गल्ली आहे तिथेच राहिली. का, ते कोणी लिहून दिलं नाही. त्यात राजकारण होतं की नुसता आळस, मला माहीत नाही. हे कळायचा मार्गच नाही, हीच तर अडचण आहे.

आता तुम्ही म्हणाल, आयोग नेमला की सगळं स्वच्छ होईल का? नाही. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाने २०२२ मध्ये जम्मूत सहा आणि काश्मीरमध्ये एक जागा वाढवली, त्यावर कडक टीका झालीच. केरळने स्थानिक संस्थांसाठी २०२४ मध्ये वेगळा परिसीमन आयोग नेमला. अध्यक्ष राज्य निवडणूक आयुक्त, पण बाकीचे चार सदस्य सरकारचेच सचिव. म्हणजे स्वातंत्र्य अर्धंच.

तरी फरक आहे. लोकसभेच्या परिसीमनाच्या कायद्यात सहयोगी खासदार-आमदारांना मताचा अधिकार नाही. पण त्यांनी वेगळा प्रस्ताव दिला आणि तो छापावा असं म्हटलं, तर आयोगाला आपल्या प्रस्तावासोबत तोही छापावा लागतो. भांडण उघड्यावर होतं. प्रभागांसाठी मला एवढंच हवंय: निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली कायमचा आयोग, प्रभागात किती नगरसेवक हे दर निवडणुकीला न बदलणारा कायदा आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर.

हे कोण मागणार? नगरसेवक व्हायला निघालेला मागणार नाही, त्याला नकाशा सोयीचा हवा असतो. ज्यांना अजून चार-पाच निवडणुकांत याच शहरात मत द्यायचंय, त्यांनी मागायचं. म्हणजे आपण. पुढची निवडणूक लांब आहे, कोणाचं तिकीट अडकलेलं नाही, म्हणून हीच वेळ बरी. आपल्या प्रभागाचा नकाशा आजच उघडा, बोट फिरवून हद्द बघा. कुठे वाकडी वाटली तर नगरसेवकाला एकच प्रश्न विचारा: ही रेघ इथूनच का गेली?