चूक दिसते तेथे नसते

संगणकाच्या शेलची प्रारंभिक फाईल दुरुस्त करणे हे तंत्रज्ञाचे काम. वाङ्मयाच्या अभ्यासकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असा समज आमच्या क्षेत्रात रूढ आहे. आम्हांला तो मान्य नाही. ती दुरुस्ती मूलतः वाचनाचीच कृती आहे.

लिनक्सवर टर्मिनल उघडताच बॅश हे शेल सहसा ‘.बॅशआरसी’ ही फाईल वाचू लागते आणि एकेक आज्ञा पाळत पुढे जाते. समजा, मध्येच एक ‘इफ’ उघडले आणि ते मिटवणारे ‘फि’ लिहायचे राहिले. शेल फाईल संपेपर्यंत त्याची वाट पाहते आणि बहुधा शेवटच्या ओळीपाशी ‘अनपेक्षित शेवट’ अशी तक्रार करते. चूक तेथे नसते; तेथे केवळ प्रतीक्षा संपलेली असते. अवतरणचिन्ह मिटायचे राहिले, तर पुढचे उघडणारे चिन्हच मिटणारे ठरते आणि तेथून आतले बाहेर, बाहेरचे आत होते.

या व्याकरणालाही इतिहास आहे. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या शेलमध्ये स्टीफन बोर्न यांनी ही रचना ‘अल्गोल ६८’च्या वळणावर बेतली. ‘इफ’ची अक्षरे उलटली की ‘फि’, ‘केस’ची उलटली की ‘एसॅक’. ‘डू’ मात्र ‘डन’ने मिटते, कारण ‘ओडी’ नावाची आज्ञा आधीच अस्तित्वात होती. अपवाद इतिहासातून जन्मतात, हे आम्हांला वेगळे सांगायला नको.

फाईल पुसून कुणाची तरी तयार फाईल उतरवून घेणे हा सोपा मार्ग. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. ‘बॅश -एन’ ही आज्ञा फाईल न चालवता केवळ तिची वाक्यरचना तपासते. त्यानंतर तक्रारीच्या ओळीपासून मागे वाचत यावे. आणि मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये लिहू नये. तेथली वळणदार अवतरणचिन्हे छपाईला शोभतात, शेलच्या लेखी ती नुसती अक्षरे असतात.

उत्तरपत्रिका तपासताना आम्ही मात्र वर्षानुवर्षे वाक्य जेथे कोसळते, तेथेच लाल खूण करत आलो. कर्ता दोन ओळी आधीच हरवलेला असे. त्याच्यापर्यंत आम्ही गेलो नाही. विद्यार्थी शेवटचे क्रियापद बदलून आणी आणि वाक्य पुन्हा कोसळे. यंत्राला फक्त प्रतीक्षा कोठे संपली तेवढेच कळते. शिक्षकाने त्याहून मागे जायला हवे.