गोल्डस्टार सायलेन्सर आणि ‘वारशा’चा खोटा दाखला

#थ्रेड

१/
मुंबई-आग्रा महामार्गाखालच्या इंदिरानगर बोगद्यात बुलेट शिरते तेव्हा स्वार क्षणभर चावी बंद करतो आणि लगेच चालू करतो. तेवढ्या वेळात न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत उतरते आणि तिथेच पेटते. काँक्रीटच्या भिंती तो आवाज वाढवून परत देतात. राजीवनगरपासून राणेनगरपर्यंत कुणाचे तान्हे मूल दचकून उठते, कुणा दहावीच्या विद्यार्थ्याची ओळ तुटते. जाब विचारला तर उत्तर ठरलेले असते: “बुलेटचा वारसा आहे हा.”

वारसा हा शब्द इतिहासाचा आहे. तो उच्चारला की पुरावा मागण्याचा अधिकारही इतिहासाला मिळतो.

२/
आधी दुकानातील नावे पाहावीत. बुलेटसाठी आफ्टरमार्केट सायलेन्सर मागितला की हमखास दोन नावे पुढे येतात: ‘गोल्डस्टार’, म्हणजेच लाडका ‘गोल्डी’, आणि माशाच्या शेपटीसारख्या पसरट तोंडाचा ‘फिशटेल’. दोन्ही नावांचा माग काढला तर तो इंग्लंडमधील एकाच ठिकाणी पोहोचतो. वेब्रिज गावाजवळील ब्रुकलंड्स हे ते ठिकाण.

३/
१९०७ साली ब्रुकलंड्सचा ट्रॅक सुरू झाला. मोटारींच्या शर्यतींसाठी मुद्दाम बांधलेला हा जगातील पहिला मोठा ट्रॅक. त्याच वर्षी जूनमध्ये सेल्विन एज या शर्यतपटूने नेपियर गाडी त्यावर सलग २४ तास पळवून विक्रम केला. विक्रमाचे कौतुक झालेच, पण आसपासच्या रहिवाशांना रात्रभर डोळा लागला नव्हता. त्यांनी तक्रार केली आणि रात्रीच्या शर्यती कायमच्या बंद झाल्या.

शर्यतीचा ट्रॅक, मालकाच्या खाजगी जमिनीवर, मोटारयुगाच्या अगदी पहाटे. आणि तरीही शेजाऱ्याच्या झोपेपुढे विक्रमवीराला माघार घ्यावी लागली.

४/
प्रकरण तिथे मिटले नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यावर रहिवासी थेट न्यायालयात गेले. त्यातून ट्रॅकवरील प्रत्येक यंत्राला सायलेन्सर सक्तीचा झाला. तो कसा असावा याचेही नियम ठरले: इंजिनातून सुटलेला वायू आधी एका मोठ्या डब्यात पसरायचा, त्याचा जोर मोडायचा आणि मग चपट्या, रुंद तोंडातून तो हळूहळू बाहेर पडायचा. हाच ‘ब्रुकलंड्स कॅन’, आणि त्याचे चपटे तोंड म्हणजेच फिशटेल.

आज दणदणाटासाठी विकत घेतला जाणारा हा आकार शेजाऱ्यांनी कोर्टात भांडून मिळवलेल्या शांततेचे चिन्ह आहे. आतला डबा फेकून केवळ शेपटी मिरवणे म्हणजे किल्ला पाडून त्याच्या दरवाजापाशी सेल्फी काढण्यासारखे आहे.

५/
आता गोल्डस्टार. ब्रुकलंड्सवरील शर्यतीत ताशी १०० मैलांच्या (सुमारे १६० किमी) वेगाने फेरी पूर्ण करणाऱ्या दुचाकीस्वाराला सोन्याच्या ताऱ्याचा छोटा बिल्ला मिळत असे. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडली याने बीएसए कंपनीच्या एम्पायर स्टारवर तो मिळवला. कंपनीने पुढच्याच वर्षी नव्या मॉडेलला ‘गोल्ड स्टार’ नाव दिले. जिथे सायलेन्सरविना उतरण्याची परवानगीच नव्हती, त्या ट्रॅकवर हा तारा कमावला गेला. नाशिकच्या रस्त्यावर तेच नाव सायलेन्सरचे पोट रिकामे करण्याचा परवाना होऊन बसले आहे.

(आणखी एक गंमत: बीएसए ही रॉयल एनफिल्डची प्रतिस्पर्धी. एनफिल्डच्या अस्सल वारशासाठी तिच्या वैऱ्याचे नाव मागावे लागते, याचे कुणालाच काही वाटत नाही.)

६/
“पण बुलेटचा धगधग आवाज?” तो खरा आहे, आणि त्याचा सायलेन्सरच्या अभावाशी काही संबंध नाही. जुनी ३५० बुलेट म्हणजे एकच सिलिंडर, ७० मिमी व्यास, ९० मिमी स्ट्रोक, ३४६ सीसी. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. गाडी जागेवर मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर ४०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सातही नाहीत. कानाला प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो तो या अंतरामुळे. जड फ्लायव्हील आणि लांब स्ट्रोक त्या ठोक्याला भार देतात. सायलेन्सर ठोक्यांमधले अंतर बदलत नाही, फक्त त्यांची धार बोथट करतो.

१९५५ पासून मद्रासमध्ये जुळू लागलेली, सैन्याने आणि पोलिसांनी वापरलेली बुलेट कारखान्याच्या लांबलचक सायलेन्सरसह धावत होती. आजोबांच्या आठवणीतला ‘धग-धग-धग’ हा त्या सायलेन्सरमधून गाळून आलेला आवाज आहे. बोगद्यातला फटाका आजोबांनी कधी ऐकलेलाच नव्हता.

७/
‘सायलेन्सर काढला की इंजिन मोकळा श्वास घेते’ हा समजही शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक मोटारींना ‘कट-आउट’ नावाची झडप असे. पायाने दाबली की वायू सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. चढावर ताकद मिळते असे म्हणत ती वापरली जाई. शहरांनी एकेक करून तिच्यावर बंदी घातली.

त्याच काळात अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्झिम बंदुकीचा सायलेन्सर बनवत होता आणि त्याची कंपनी इंजिनांचेही सायलेन्सर विकत होती. त्याचा बाप म्हणजे आफ्रिकेतील वसाहती युद्धांत हजारो माणसे कापून काढणाऱ्या मॅक्झिम मशीनगनचा जनक. बापाने आवाज दिला, मुलाने तो कमी केला. इतिहास कधीकधी असा घरातल्या घरात फिटंफाट करतो.

८/
‘मोकळा श्वास’ या समजाची सर्वांत महागडी परीक्षा दोन स्ट्रोकच्या गाड्यांनी दिली. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातील वॉल्टर काडेन याने १९५० च्या दशकात दाखवून दिले की दोन स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्ट हा जणू इंजिनाचाच चालता भाग आहे. फुगत जाणारी आणि पुन्हा निमुळती होणारी नळी दाबाच्या लहरी परत पाठवते. आधी जळका वायू ओढला जातो, मग बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलले जाते. नळीची लांबी थोडी चुकली तरी ताकद गेली.

हे ज्ञान इतके मोलाचे होते की १९६१ साली एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला आणि ते घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये तो सुझुकीवर ५० सीसीचा विश्वविजेता झाला. शीतयुद्धात ज्या नळीच्या मापांसाठी माणसाने देश सोडला, ती नळी आपल्याकडे आरएक्स १०० वरून करवतीने कापली जाते आणि वर ‘पिकअप वाढला’ म्हणून शपथ घेतली जाते. ९८ सीसीच्या त्या सुंदर यंत्राचा असा छळ इतर कुणी केलेला नाही.

९/
इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा मान्य केला पाहिजे. टर्बो गाडीत मोकळा एक्झॉस्ट खरोखरच ताकद देतो. टर्बाइनच्या पुढचा अडथळा कमी झाला की ती अधिक मोकळेपणी फिरते. त्यातही तरुणांचे स्वप्न म्हणजे माझदा आरएक्स-७. ‘इनिशियल डी’मधील केइसुकेची पिवळी एफडी, ‘टोकियो ड्रिफ्ट’मधील हानची केशरी-काळी. भारतात ती कधी अधिकृतपणे विकली गेली नाही. माझदा हे नाव आपल्या बापजाद्यांना पंजाबातल्या स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसवरच दिसले.

स्वप्न पाहण्यात काही गैर नाही. पण तेही नीट वाचावे.

१०/
रोटरी इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. त्रिकोणी रोटरची कड सरकते आणि एक्झॉस्टचे छिद्र एकदम उघडते. वायू अतिशय तप्त, आवाज कर्कश, आणि न जळलेले इंधन भरपूर. १९७० च्या दशकात अमेरिकेचे प्रदूषणाचे नियम कडक झाले तेव्हा माझदाने एक्झॉस्टमध्येच ‘थर्मल रिअॅक्टर’ बसवून ते उरलेले इंधन जाळले. रोटरी जगली ती एक्झॉस्टमधील या कारागिरीवर. तिच्या चाहत्याने एक्झॉस्टला कचरा म्हणावे, हा निव्वळ कृतघ्नपणा आहे.

१९९१ मध्ये आलेल्या एफडीत १३०८ सीसीचे १३बी-आरईडब्ल्यू इंजिन आणि पाठोपाठ कामाला लागणारे दोन टर्बो होते. टर्बोनंतर प्री-कॅट, मग मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मग मागचा सायलेन्सर. जाणकार बहुधा प्रथम प्री-कॅट काढून साधा डाउनपाइप बसवतात, कारण ते बॉनेटखाली उष्णता कोंडते. इथवर ठीक.

पुढे मोह सुटतो. कॅटही काढला, मागे रुंद नळी लावली. आता टर्बाइन इतकी मोकळी की कारखान्याची लहान वेस्टगेट जादा वायू वळवू शकत नाही. सुमारे ०.७ बारवर थांबायला हवा असलेला दाब आपोआप चढत जातो. हवा वाढली, इंधनाचा हिशेब मात्र जुन्याच ईसीयूकडे. मिश्रण पातळ होते, अवेळी स्फोट होतो. पिस्टनचे इंजिन असे काही धक्के सोसते. रोटरीत रोटरच्या टोकावरची एपेक्स सील एकाच धक्क्यात तुटू शकते, आणि तुकडा बाहेर पडताना टर्बाइनची पातीही घेऊन जातो. नळीची निवड चुकली म्हणून इंजिन आणि टर्बो दोन्ही गेले.

म्हणून एफडीचा अनुभवी मालक आधी बूस्ट गेज बसवतो, वेस्टगेटचे तोंड मोठे करून घेतो, इंधनपंप आणि ईसीयू पाहतो. एक्झॉस्ट सर्वांत शेवटी, आणि तोही बहुधा मोठ्या व्यासाच्या कॅटसह.

११/
आणि आवाज? ज्या किंकाळीसाठी रोटरी प्रसिद्ध आहे ती १९९१ च्या ले मांस विजेत्या माझदा ७८७बी ची. तिला चार रोटर होते आणि टर्बो एकही नव्हता. टर्बाइन वायूतील शक्ती खाते, म्हणून आवाजही खाते. स्कॉर्पिओची टर्बो डिझेल इंजिने २००२ पासून पाहणाऱ्या नाशिकला हे सांगायची गरज पडू नये.

खुद्द जपानमध्येही आवाजाची मोकळीक नाही. स्पोर्ट्स मफलर बनवणाऱ्या कंपन्यांची जास्मा ही स्वतःची संघटना तिथे आहे, आणि २०१० पासून बदली मफलरलाही आवाजाचे प्रमाणपत्र लागते. ज्या देशाच्या गाड्यांची पोस्टर्स खोलीत लावायची, त्याच देशाची शिस्त तेवढी दाराबाहेर ठेवायची.

१२/
आपला कायदाही गुळमुळीत नाही. १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल साध्या बेरजेने चालत नाहीत: ८० चे १०० झाले तर तीव्रता शंभरपट होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तुरुंगवासही आहे.

१३/
तरीही पोलिसांच्या बाजूने टाळ्या वाजवाव्यात असे दृश्य नाही. महाराष्ट्रातील अनेक शहरांत जप्त सायलेन्सर रस्त्यावर रांगेत मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला जातो. छायाचित्र छान येते. पण तो सायलेन्सर आकाशातून पडलेला नसतो. कुणीतरी तो बनवला, आतली जाळी काढली, भर बाजारात काचेमागे टांगला, ‘डेमो’ म्हणून दुकानाच्या दारातच वाजवून दाखवला. विकत घेणारा वीस वर्षांचा पोरगा दंड भरतो. विकणाऱ्याच्या आकड्यावर दुसऱ्या दिवशी नवा गोल्डस्टार लटकलेला असतो. रोलर फिरतो तो साखळीच्या शेवटच्या कडीवर.

आणि त्या पोराचीही एक बाजू आहे. त्याला गाडी उघडून पाहायची आहे, बदलायची आहे, आपली म्हणायची आहे. ही भूक चांगली आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पिढ्या घालवलेल्या शहरात ती असणारच. तिला आवाजाचा मीटर, दाबाचा गेज, नळीच्या लांबीचे गणित देणारे कुणी नाही. करवत देणारे मात्र चौकाचौकात आहेत.

१४/
ब्रुकलंड्सची शेवटची एक गोष्ट. १९२९ साली तिथे २४ तासांची मोठी शर्यत घ्यायचे ठरले, ले मांससारखी. पण १९०७ ची रात्रबंदी कायम होती. बाविशी उलटली तरी कुणी ‘परंपरा’ म्हणून ती मोडायला निघाले नाही. आयोजकांनी शर्यतच दोन भागांत तोडली आणि तिला ‘डबल ट्वेल्व्ह’ हे नाव दिले. पहिल्या दिवशी सकाळी ८ ते रात्री ८, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच. मधल्या रात्री शर्यतीतल्या सगळ्या गाड्या कुलुपात ठेवल्या गेल्या, आणि वेब्रिज झोपले.